विकलंय, पण आहे कुठे? शॉर्टबद्दल आलेली पत्रं

मागच्या अंकात शेअर बाजारातला ‘शॉर्ट’ हा शब्द ओझरता आला आणि पत्रं येतच राहिली. बहुतेकांना तो कळला नव्हता. काहींना मात्र तो अनुभवानं चांगलाच कळला होता. एक आधीच सांगते. मी गुंतवणूक सल्लागार नाही. फोर्टमधल्या एका ब्रोकरच्या पेढीत मी सेटलमेंटच्या टेबलावर नोकरी केली. कोणता शेअर वर जाईल हे मला तेव्हाही कळत नव्हतं, आता नौपाड्यात घरी बसून तर मुळीच कळत नाही. सौदा झाल्यावर कोणी कोणाला काय द्यायचं आणि ते दिलं नाही तर काय होतं, एवढंच मला ठाऊक आहे. तेवढ्यावर उत्तरं देते.

ताई, मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गोखले रोडवरच्या एका क्लासच्या डेमो लेक्चरला गेलो होतो. सर म्हणाले, शेअर चढेल वाटलं तर लाँग, पडेल वाटलं तर शॉर्ट, दोन्हीकडून पैसा. पण जे आपल्याकडे नाहीच ते विकायचं कसं? माझा मित्र म्हणतो, त्यानं एक शेअर आठवडाभर शॉर्ट ठेवला होता. माझ्या ॲपमध्ये तर तसं करताच येत नाही.
– एक विद्यार्थी, कळवा

सरांनी सांगितलं ते चूक नाही, अर्धवट आहे. तुला काय वाटतं याच्याशी बाजाराला घेणं नसतं, तो तुझं खातं बघतो. लाँग म्हणजे पैसे मोजले आणि शेअर घेतले. तो सौदा तिथेच संपला. पुढे ते शेअर डिमॅटमध्ये दहा वर्षं पडून राहिले तरी कोणी तुझ्या दारात येणार नाही. शॉर्ट म्हणजे तू विकून बसलायस आणि समोरच्याला शेअर द्यायचे आहेत. ते देणं फिटेपर्यंत सौदा उघडा राहतो. लाँगवाल्याचं बाजाराशी घेणं असतं, शॉर्टवाल्याचं देणं. पुढची सगळी भानगड यातूनच येते.

आता ‘कसं’ ते बघ. समजा, सकाळी १,००० रुपयांना ५० शेअर विकलेस आणि दुपारी ९८० ला तेच ५० घेतलेस. दिवस संपताना विक्री ५०, खरेदी ५०, देणं शून्य. मधल्या वेळात तुझ्याकडे शेअर होते की नाही हे कोणी विचारत नाही, कारण हिशेब दिवसाअखेरीला मिटतो. दलाली, एसटीटी (सौद्यावरचा कर) वगैरे वजा जाता हजाराच्या आत काहीतरी हातात पडलं. याला इंट्राडे म्हणतात आणि रोख बाजारात आपल्यासारख्या किरकोळ माणसाला शॉर्टची सवलत साधारण एवढीच आहे. ३:३० ला बाजार बंद होतो, त्याच्या थोडं आधी ब्रोकर तुझी उभी पोझिशन, म्हणजे न मिटलेला सौदा, स्वतःच कापतो.

रात्रभर शॉर्ट राहता येत नाही, कारण २७ जानेवारी २०२३ पासून आपल्याकडे सगळ्या शेअरची सेटलमेंट सौद्याच्या पुढच्याच कामकाजाच्या दिवशी होते. आज विकलेस तर उद्या शेअर हजर करावे लागतात. नसतील तर काय होतं, ते खाली कोपरखैरण्याच्या पत्रात येईल.

मग मित्रानं आठवडाभर शॉर्ट ठेवला तो कसा? बहुधा त्यानं शेअर विकलाच नसेल, त्याचा फ्युचर विकला असेल. फ्युचर म्हणजे अमुक तारखेला अमुक भावाने देण्याचा करार. त्यात एक-दोन शेअर चालत नाहीत. लॉट, म्हणजे शेअरचा ठरावीक गठ्ठा, घ्यावा लागतो आणि लॉटची किंमत लाखांत जाते. हातचे पैसे त्याच्या काही हिश्शाएवढेच लागतात, म्हणून पोरांना ते परवडतं असं वाटतं. शिवाय शेअरच्या फ्युचरची सेटलमेंट आता पैशात होत नाही, शेअरमध्ये होते. एक्स्पायरीपर्यंत, म्हणजे कराराच्या शेवटच्या तारखेपर्यंत, शॉर्ट ठेवलास तर लॉटभर शेअर खरोखर द्यावे लागतील. मित्राला हे माहीत आहे का, विचारून बघ.

तिसरा रस्ता शेअर उसने घेऊन विकायचा. तोही आपल्याकडे २००८ पासून आहे. एक्स्चेंजच्या मार्फत कोणाचे तरी शेअर ठरावीक फी देऊन उसने घ्यायचे, विकायचे आणि मुदतीत परत करायचे. मधे लाभांश जाहीर झाला तर तो मूळ मालकाला तुझ्या खिशातून जातो. किरकोळ ग्राहकाला ही सोय देणारे ब्रोकर थोडे आहेत. पण बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचं धोरण त्यातून स्पष्ट होतं. शॉर्ट करा, हरकत नाही, पण डिलिव्हरीच्या वेळी माल हजर पाहिजे. संस्थांना तर विकतानाच ‘हा सौदा शॉर्ट आहे’ असं सांगावं लागतं.

सरांनी डेमोत जे सांगितलं नसेल ते आता सांगते. १,००० चा शेअर घेतलास आणि तो ५०० वर आला, तर तुझा निम्मा पैसा गेला. पण जे अडकलंय तेही निम्मंच झालं, जास्तीत जास्त उरलेले ५०० जातील. तोच शेअर १,००० ला शॉर्ट केलास आणि तो १,५०० झाला, तरीही ५०० च गेले. मात्र आता तुझं देणं १,५०० चं झालं. उद्या शेअर १० टक्के चढला की १०० नाही, १५० जाणार. चुकीचा लाँग आकाराने लहान होत जातो, चुकीचा शॉर्ट मोठा होत जातो. शिवाय शॉर्टमध्ये नफ्याला मर्यादा आहे, कारण शेअर शून्याखाली जात नाही. तोट्याला छत नाही. अमेरिकेत गेमस्टॉप नावाच्या, व्हिडिओ गेम विकणाऱ्या दुकानांच्या कंपनीचा शेअर जानेवारी २०२१ च्या सुरुवातीला २० डॉलरच्या खाली होता आणि २८ तारखेला ४८० च्या वर जाऊन आला. ती कंपनी काही महान नव्हती. शॉर्ट करणाऱ्यांचा अंदाज धंद्याच्या बाबतीत फारसा चुकलाही नव्हता. पण देणं फेडायला सगळे एकदम खरेदीला धावले आणि भाव त्यांच्याच खरेदीने चढत गेला.

सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये काढलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. सरांना पुढच्या वेळी एकच विचार. तुमचं घर ट्रेडिंगवर चालतं की फीवर?

मी महापेला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. एका छोट्या कंपनीचा शेअर आदल्या दिवशी २०० ला बंद झाला होता. सकाळी २०६ ला असताना ३०० शेअर इंट्राडे शॉर्ट केले. कामातून दोन-अडीचच्या सुमाराला फोन बघितला तर २२० ला अप्पर सर्किट, विकणारा एकही नाही. १४ रुपयांप्रमाणे ४,२०० चा फटका बसला असं धरून चाललो. काही दिवसांनी लेजरमध्ये २५,३२० रुपये गेलेले दिसले, वर चार्जेस वेगळे. कस्टमर केअरवाले फक्त ‘ऑक्शन, ऑक्शन’ म्हणतात. दुसऱ्या दिवशीही शेअर २४२ च्या वर गेलेला नाही, मग हा आकडा आला कुठून? ही उघड लूट नाही का?
– एक वाचक, कोपरखैरणे

तुमचं पत्र वाचून मला माझं जुनं टेबल आठवलं. असा फोन आला की ग्राहक चिडलेला असायचा आणि आकडा बहुतेक वेळा बरोबर असायचा. तुमचाही बरोबर आहे. कसा, ते ओळीने सांगते.

तुमच्या शेअरला १० टक्क्यांचं सर्किट होतं. म्हणजे २०० वरून एका दिवसात २२० च्या वर भाव लागूच शकत नाही. २२० ला घेणाऱ्यांची रांग लागली आणि विकणारा उरला नाही. ब्रोकरची यंत्रणा तीन-सव्वातीनला तुमची पोझिशन कापायला गेली असेलच. पण कापायचं म्हणजे खरेदी करायची, आणि खरेदीला समोर विकणारा लागतो. तुमची ऑर्डर त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली आणि बाजार बंद झाला.

त्या क्षणी तुमचा सौदा इंट्राडे राहिला नाही. तुम्ही ३०० शेअर डिलिव्हरीत विकले, असा त्याचा अर्थ झाला. २०६ ला ते ज्याने घेतले त्याने पैसे दिले आहेत, दुसऱ्या दिवशी त्याला शेअर हवेत. तुमच्या डिमॅटमध्ये ते नाहीत. मग एक्स्चेंज ऑक्शन भरवतं. ‘हे ३०० शेअर कोणाकडे आहेत, बोली लावा,’ असं बाजाराला विचारलं जातं. कोणी दिले तर त्या भावाने ते मूळ खरेदीदाराला जातात आणि फरक तुमच्या नावे पडतो. तुमच्या वेळी दुसऱ्या दिवशीही शेअर २४२ ला सर्किटवर होता. ज्याच्याकडे शेअर आहेत तो ते अशा दिवशी कशाला विकेल? ऑक्शनमध्येही कोणी आलं नाही.

शेअर कुठूनच मिळत नाहीत, तेव्हा सौदा पैशात मिटवतात. त्याला क्लोज-आउट म्हणतात आणि त्याचा भाव नियमाने ठरलेला आहे. सौद्याच्या दिवसापासून ऑक्शनच्या दिवसापर्यंतचा सर्वांत वरचा भाव एका बाजूला, ऑक्शनच्या दिवशीच्या बंद भावावर २० टक्के दुसऱ्या बाजूला. यातला जो जास्त, तो लागतो. वरचा भाव २४२. बंद भावही २४२, त्यावर २० टक्के म्हणजे २९०.४०. तो लागला. ३०० शेअरचे ८७,१२० रुपये तुमच्या नावे आणि विक्रीचे ६१,८०० जमा. वजाबाकी करा, २५,३२० येतील.

हे पैसे ब्रोकरने खाल्ले नाहीत, तुमच्याकडून ज्याने शेअर घेतले होते त्याला गेले. त्याला शेअर मिळायला हवे होते, ते मिळाले नाहीत, त्याची ही भरपाई. वरचे चार्जेस मात्र जरूर तपासा. ऑक्शनचं बिल मागा, खातं उघडताना दिलेल्या दरपत्रकाशी ताडून बघा. दरपत्रकात नसलेलं काही लावलं असेल तर आधी ब्रोकरकडे लेखी तक्रार करा, दाद लागली नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर जा. फोनवर भांडून काही होत नाही, ईमेल करा.

२० टक्क्यांचा भार एवढा जबर का, असं तुम्ही पुढे विचाराल. तो स्वस्त असता तर नसलेले शेअर विकून ‘घ्या पैसे’ म्हणणं हाच एक धंदा झाला असता. तसं होऊन गेलेलं आहे. १९८२ मध्ये कलकत्त्याच्या मंदीवाल्यांनी रिलायन्सचे लाखो शेअर हातात नसताना विकायचा सपाटा लावला. समोरून रिलायन्सच्या बाजूचे दलाल घेत राहिले. तेव्हा बदला पद्धत होती. सौदा पुढच्या सेटलमेंटवर ढकलता यायचा, आणि शेअरची टंचाई असली तर ढकलण्याबद्दल मंदीवाल्यानेच तेजीवाल्याला पैसे द्यायचे, त्याला उंधा बदला म्हणत. एप्रिलअखेरीच्या सेटलमेंटला घेणाऱ्यांनी सरळ डिलिव्हरी मागितली. शेअर नव्हते. मंदीवाले मिळेल त्या भावाने रिलायन्स गोळा करत फिरले, भाव भडकला आणि मुंबईचा शेअर बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला. मी नोकरीला लागले त्याच्या आधीची ही गोष्ट, पण पेढीत नव्या माणसाला ती पहिल्या आठवड्यातच ऐकवली जायची.

जुलै २००१ मध्ये बदला गेला. आता ढकलाढकल नाही, म्हणून अडकलेला शॉर्ट एका दिवसात गळ्याशी येतो. पुढे करणारच असाल (मला विचाराल तर शिफ्टमध्ये फोन बाहेर ठेवावा लागणाऱ्या माणसाने करू नये) तर शॉर्ट करण्याआधी त्या शेअरचं सर्किट किती टक्क्यांचं आहे ते बघा. ज्या शेअरचे फ्युचर-ऑप्शन चालतात त्यांना असं पक्कं सर्किट नसतं, मर्यादा गाठली की ती थोड्या वेळाने सरकते. तिथे मार बसतो, पण बाहेर पडता येतं. छोट्या शेअरमध्ये दारच बंद होतं. तुम्ही २१५ ला घेऊन मोकळे झाला असता तर २,७०० गेले असते.

माझा मुलगा नोकरी सांभाळून ऑप्शन करतो. ‘मी पुट लाँग आहे’ म्हणतो आणि त्याच दमात ‘बाजार पडायला पाहिजे’ म्हणतो. लाँग म्हणजे तेजी ना? मी बँकेतून निवृत्त झालो आहे, अगदीच अडाणी नाही, पण हे डोक्यावरून जातं.
– एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा

बँकेत होतात, मग कळायला सोपं आहे. मुलगा निफ्टीत, म्हणजे एनएसईच्या निर्देशांकात, लाँग नाही, ‘पुट’ नावाच्या करारात लाँग आहे, म्हणजे त्यानं तो करार विकत घेतलाय. पुट म्हणजे ठरलेल्या भावाने विकण्याचा हक्क. बाजार पडला की त्या हक्काची किंमत वाढते, म्हणून तो पडझडीची वाट बघतो. निफ्टीच्या एका युनिटमागे त्यानं १२० रुपये प्रीमियम भरला असेल तर त्याचे जास्तीत जास्त तेवढेच जातील, गुणिले लॉट.

तुम्हाला काळजी करायची असेल तर उलट बाजूची करा. पुट विकणाराही असतो. तो १२० रुपये आज खिशात घालतो आणि निफ्टी कोसळला तर फरक भरून देण्याचं बंधन घेतो. तो पुटमध्ये शॉर्ट आहे, पण त्याला बाजार चढलेला किंवा निदान तिथेच राहिलेला हवा असतो. कॉल, म्हणजे ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क, विकणाऱ्याचं तर आणखी कठीण, कारण बाजार चढायला मर्यादा नाही.

तेव्हा मुलाला लाँग की शॉर्ट हे विचारूच नका. प्रीमियम दिलास की घेतलास, एवढं विचारा. दिला असेल तर बुडीत किती जाईल ते आजच माहीत आहे. घेतला असेल तर तो देणेकरी आहे आणि त्याचं मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवलेली अनामत, तपासायला सांगा. निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी सप्टेंबर २०२५ पासून मंगळवारी असते. त्या दुपारी घरी असेल तर त्याचं ताटात लक्ष आहे की फोनमध्ये, यावरूनही बरंच कळतं.

वाशीच्या मसाला मार्केटमध्ये आमचा वडिलांपासूनचा गाळा आहे. सांगलीची १० टन हळद क्विंटलला १४,००० ने घेऊन ठेवली आहे. पुतण्या म्हणतो, भाव पडायची भीती आहे, एनसीडीईएक्सवर, म्हणजे शेतमालाच्या वायदे बाजारात, हळद शॉर्ट करून ठेवू. मी आजवर वायद्याला हात लावलेला नाही. सट्टा आपल्याला नको. त्याला काय सांगू?
– एक व्यापारी, वाशी

आधी तुम्हालाच सांगते, मग पुतण्याला. १० टन म्हणजे १०० क्विंटल, १४ लाखांची हळद. भाव हजाराने उतरला की तुमचे एक लाख गेले. तुम्ही वायद्याला हात लावला नसेल, पण हळदीत १४ लाखांचे लाँग आहात. पोझिशन गोदामात आहे म्हणून ती स्क्रीनवर दिसत नाही, एवढंच. पुतण्या सट्टा करा म्हणत नाही, आहे तो कमी करू म्हणतोय. शॉर्टचा मूळ आणि सगळ्यात सरळ उपयोग हाच आहे.

हिशेब असा. एनसीडीईएक्सवर हळदीचा लॉट ५ टनांचा, म्हणजे दोन लॉट विकायचे. समजा, वायदा १४,४०० ला विकला. दोन महिन्यांनी हजर भाव, म्हणजे हातातल्या मालाचा भाव, १२,५०० झाला आणि वायदा १२,८०० वर आला. गोदामात क्विंटलमागे १,५०० चा तोटा, दीड लाख. वायद्यात १,६०० चा नफा, एक लाख साठ हजार. तुम्ही जिथे होता तिथेच राहिलात आणि रात्रीची झोप वाचली.

आता भाव चढला तर? हजर १६,०००, वायदा १६,५००. गोदामात दोन लाख नफा, वायद्यात दोन लाख दहा हजार तोटा. कागदावर पुन्हा तिथेच. पण व्यवहारात तसं नसतं, आणि घरात भांडणं इथेच होतात. गोदामातला नफा माल विकल्यावर मिळेल. वायद्यातला तोटा मात्र रोजच्या रोज भरायचा असतो. त्याला एमटीएम म्हणतात. भाव क्विंटलला ३०० ने चढला की दुसऱ्या दिवशी ३०,००० रुपये ब्रोकरला द्यायचे. असे आठ-दहा दिवस लागोपाठ गेले तर बँकेत पैसा हवा. तो नसेल तर ब्रोकर तुमचा शॉर्ट मधेच कापतो, तोटा पक्का होतो आणि पुढे हळद पडली तर गोदामातला नफाही गेला. २०२३ आठवा. एप्रिल ते ऑगस्टमध्ये हळद दुपटीहून जास्त झाली. त्या वर्षी हातात माल ठेवून शॉर्ट असलेल्यांचा अंदाज चुकला की नाही हा मुद्दाच नव्हता. रोजचे पैसे भरायची ताकद कोणाकडे होती, हा मुद्दा होता. दोन लॉट विकायच्या आधी मार्जिन सोडून निदान दोन-अडीच लाख बाजूला काढा आणि ते उधारीच्या वसुलीवर अवलंबून ठेवू नका. मसाला मार्केटची उधारी कशी येते हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरी गोष्ट, वायदा निजामाबादच्या हळदीच्या भावावर चालतो आणि तुमचा माल सांगलीचा. दोन्ही भाव साधारण एका दिशेने हलतात, पण सारखे हलत नाहीत. या फरकातून थोडं इकडे-तिकडे होणारच, त्याला तोटा म्हणून पुतण्यावर ओरडू नका.

पुतण्याला तीन बजावण्या. माल १० टन आहे तोवर लॉट दोनच. भाव पडायला लागला की ‘आणखी दोन मारू’ असं मनात येतं, ते दोन लॉट म्हणजे तुम्हाला नको असलेला सट्टा. ५ टन माल विकला गेला की त्याच दिवशी एक लॉट कापायचा, उद्या नाही. आणि वहीत गोदामाचा आणि वायद्याचा हिशेब एकाच पानावर लिहायचा. वेगळ्या पानांवर लिहिला की दिवाळीला कोणीतरी वायद्याचं पान उघडून ‘एवढे दोन लाख कशात घालवले?’ असं विचारतं.

जाता जाता, एखाद्या मसाला कंपनीला तुम्ही पुढच्या तीन महिन्यांचा माल आजच्या भावाने कबूल केला असेल आणि तो अजून घेतलेला नसेल, तर तुम्ही तेवढ्या हळदीत शॉर्ट आहात. तेव्हा वायदा विकायचा नसतो, घ्यायचा असतो.

टीव्हीवर रोज ‘एफआयआय शॉर्ट आहेत’, ‘शॉर्ट कव्हरिंग आलं’, ‘लाँग अनवाइंडिंग’ असं चालू असतं. माझी फक्त म्युच्युअल फंडात एसआयपी आहे. मी घाबरायचं का? आणि बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरनी ‘लाँग-शॉर्ट’ नावाचा नवा फंड सुचवलाय, तो घ्यावा का?
– एक शिक्षिका, घोडबंदर रोड

घाबरू नका, पण शब्द समजून घ्या, म्हणजे टीव्हीचा आवाज आपोआप कमी होतो. भाव चढला आणि उभे करार कमी झाले, तर शॉर्टवाल्यांनी देणं फेडायला खरेदी केली असं मानतात. ते शॉर्ट कव्हरिंग. भाव पडला आणि करारही कमी झाले, तर लाँगवाले विकून बाहेर पडले. ते अनवाइंडिंग. करार वाढत असतील तर नवी माणसं आत येत आहेत, भाव चढता असेल तर तेजीच्या बाजूने, पडता असेल तर मंदीच्या. हा अंदाज असतो, पुरावा नव्हे.

‘एफआयआय (परदेशी गुंतवणूकदार संस्था) शॉर्ट आहेत’ हे ऐकलं की एवढं आठवा. फ्युचरचा एकही करार एकतर्फी नसतो. ते जितके शॉर्ट, तितकंच दुसरं कोणीतरी लाँग आहे. कोण किती, ते एनएसई रोज संध्याकाळी जाहीर करते. शिवाय परदेशी संस्थांकडे आपल्या कंपन्यांचे लाखो कोटींचे शेअर असतात. वाशीचे व्यापारी हळदीबाबत जे करू बघताहेत तेच त्या इंडेक्स फ्युचर विकून करत असू शकतात. त्यावरून बाजार कोसळणार असं काही निघत नाही. तुमची एसआयपी लाँग आहे, देणं कोणाचंच नाही. चालू ठेवा.

नव्या फंडाबद्दल. सेबीनं एप्रिल २०२५ पासून स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंड, म्हणजे एसआयएफ, हा प्रकार सुरू केला आहे. त्यात कमीत कमी १० लाख घालावे लागतात आणि फंड मॅनेजरला २५ टक्क्यांपर्यंत शॉर्ट पोझिशन घेता येते, तीही हेजसाठी, म्हणजे हातातल्या शेअरचा धोका कमी करण्यासाठी, नसलेली. फायदा शॉर्टमधून होईल की नाही, हे त्या मॅनेजरच्या कसबावर. असे फंड आपल्याकडे अजून कोवळे आहेत, चांगल्या-वाईट वर्षांचा हिशेब बघायला मिळायचा आहे. तुमच्या पत्रावरून सगळी मिळून शिल्लक १५ लाखांच्या आसपास दिसते. त्यातले १० एका नव्या प्रकारात टाकू नयेत असं माझं मत आहे. मॅनेजरला विचारा, यावर कमिशन किती आहे. विचारायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

इंट्राडे शॉर्टमध्ये ४०,००० गेले. पगारातून वजा होतील का?
– एक वाचक, ऐरोली

नाही. इंट्राडे हा करखात्याच्या लेखी सट्ट्याचा धंदा आहे, मग शॉर्ट असो की लाँग. त्याचा तोटा फक्त तशाच नफ्यातून वजा होतो आणि चार वर्षं पुढे ओढता येतो. फ्युचर-ऑप्शनचा तोटा वेगळ्या खान्यात जातो. तो आठ वर्षं ओढता येतो आणि त्याच वर्षी भाड्यासारख्या दुसऱ्या उत्पन्नातूनही वजा होतो, पण पगारातून तोही नाही. तोटा पुढे ओढायचा असेल तर रिटर्न मुदतीत भरलं पाहिजे, उशीर झाला की हक्क गेला. पगारदार असलात तरी फॉर्म तिसरा लागेल, नेहमीचा पहिला चालणार नाही. ब्रोकरकडून वर्षाचं टॅक्स पी अँड एल, म्हणजे नफा-तोट्याचं पत्रक, एप्रिलमध्येच काढून ठेवा आणि सीएला द्या. जुलैत ते फोन उचलत नाहीत.